सहा मिलिमीटरचा वाद

सायकलच्या मागच्या डिरेलरची वरची पुली आणि कॅसेटमधला सगळ्यात मोठा कॉग, या दोघांत नेमकी किती जागा असावी? धायरीतल्या एका छोट्या सर्व्हिसिंगच्या गाळ्यात हा प्रश्न काढला की दुपार गेलीच म्हणून समजा. गाळा भाचीचा. ती स्वतः ब्रेव्हे करते, म्हणजे साडेतेरा तासांच्या आत दोनशे किलोमीटर आणि तिथून पुढे चढत्या भाजणीने. दुपारचं जेवण झालं की मामा तिथे येऊन बसतो. मामा पिंपरीतल्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर होता. नोकरी संपली, पण खिशातला व्हर्नियर काही सुटला नाही.

असल्या जोडीत म्हातारा कानावर आणि हातावर चालणार, पोरगी मॅन्युअल उघडून बसणार, असं आपण धरून चालतो. इथे नेमकं उलटं आहे. मामाला आकडा लागतो, भाची आवाज ऐकते.

त्या दिवशी स्टँडवर एका गिऱ्हाइकाची रोड सायकल टांगलेली होती. गोळेवाडीपासून सिंहगडाचा आठ-नऊ किलोमीटरचा चढ जरा हलका जावा म्हणून त्याने दुसरीकडून ११-२८ची कॅसेट काढून ११-३४ची बसवून घेतली होती. हिशेब चुकीचा नव्हता. पुढे ३४ची चेनरिंग आणि मागे २८चा कॉग असताना क्रँकच्या एका फेऱ्यात सायकल अडीच मीटरच्या आसपास जाते. मागे ३४ आला की दोन मीटरच्या जरा वर. मांडीला हा फरक पहिल्याच वळणाला कळतो. फक्त आता सर्वांत हलक्या गिअरला मागून खरखर येत होती, आणि खरखरीचा गिअर म्हणजे नेमका चढाचाच गिअर.

मामा : आधी माप घे. पुलीच्या दाताच्या टोकापासून कॉगच्या दाताच्या टोकापर्यंत. सहा मिलिमीटर पाहिजेत. इथे मला एकसुद्धा दिसत नाही.

भाची : सहा कुणी सांगितले तुला?

मामा : तूच. मागे त्या निळ्या सायकलला सहाची ॲलन की मध्ये धरून बघत होतीस.

भाची : ती अंदाजाला, मामा. पाच-सहा मिलिमीटर हा ढोबळ आकडा आहे, बऱ्याच रोड सायकलींना जमून जातो. पण शिमानोच्या रोड डिरेलरच्या पुस्तिकेत कितीतरी वर्षं काय लिहून येतंय माहितीये? पुढे लहान चेनरिंग, मागे सगळ्यात मोठा कॉग, क्रँक उलटी फिरव, आणि पुली कॉगला लागणार नाही इतपत जितकी जवळ आणता येईल तितकी आण. मग चेन सगळ्यात लहान कॉगवर टाकून पुन्हा बघ, अडत नाही ना. यात मिलिमीटर कुठे आला?

मामा : ‘लागणार नाही इतपत जवळ’ हे काय माप झालं? असं ड्रॉइंगवर लिहून दिलं असतं ना, तर आमच्या फोरमनने ड्रॉइंग माझ्याच हातात परत ठेवलं असतं.

भाची : ठेवलं असतं, कारण तुम्ही पार्ट बनवत होतात. इथे पार्ट बनून आलेले आहेत. मी फक्त ते एकमेकांशी भांडत नाहीत ना, एवढं बघते.

दोघांच्या बोलण्यात मी पडलो नाही, पण वाचकांच्या सोयीसाठी सांगतो की हा वाद फक्त धायरीतला नाही. कंपन्यांचंही यावर एकमत नाही. स्रॅम आपल्या ईगल माउंटन बाइकच्या सेटसाठी प्लास्टिकचं मापच देते. ते कॅसेटवर धरायचं आणि पुली त्याच्या खुणेला आणायची. शिमानोने बारा स्पीडच्या माउंटन डिरेलरांवर केजच्या, म्हणजे दोन्ही पुल्या धरणाऱ्या पट्ट्यांच्या, मागच्या बाजूला एक रेघ कोरली आहे. मागून बघायचं आणि मोठ्या कॉगच्या दातांची टोकं त्या रेघेशी जुळवायची. म्हणजे एकीकडे मामा, दुसरीकडे भाची, आणि रेघ कोरणाऱ्याने दोघांनाही थोडं थोडं मान्य केलेलं.

ही जागा ठरवतो तो बी-स्क्रू. डिरेलरच्या मागच्या अंगाला, हँगरला टेकून बसलेला एक छोटा स्क्रू. आत घेतला की अख्खा डिरेलर आपल्या वरच्या बोल्टभोवती मागे वळतो आणि पुली कॉगपासून लांब जाते. बाहेर काढला की जवळ येते. जागा कमी पडली की पुलीचे दात कॉगच्या दातांवर घासतात, तीच ही खरखर. जास्त झाली की आवाज होत नाही, पण गिअर आळसावतात. पुली आणि कॉग यांच्यामध्ये चेनचा जो मोकळा तुकडा असतो तो लांब झाला की पुली बाजूला सरकली तरी चेन लगेच सरकत नाही, आधी नुसती वाकते. आजच्या कॅसेटला चेन उचलून घ्यायला दातांच्या अंगावर उतार कापलेले असतात. त्यांचा उपयोग व्हायचा तर चेन तिथे चटकन, ठरलेल्या जागी यावी लागते.

मामा : बरं, मग फिरव तुझा तो स्क्रू. पूर्ण आत घे.

भाची : घेतलाय. गिऱ्हाइकाने आणली तेव्हाच पूर्ण आत होता. कुणीतरी आधीच शर्थ करून बघितली आहे.

मामाने टेबलावरचा बिलाचा कागद उलटा केला आणि पेन मागितलं.

मामा : चेनचा पिच किती? अर्धा इंच. १२.७ मिलिमीटर. एक दात वाढला की परिघ तेवढ्याने वाढला. त्याला दोन पायने भाग. त्रिज्या वाढली दोन मिलिमीटर, थोडी वर. २८चे ३४ केले म्हणजे सहा दात. सहा दुणे बारा. अगं, बारा मिलिमीटर! तुझा मोठा कॉग पुलीच्या दिशेने बारा मिलिमीटर पुढे आला आणि तुम्ही सगळे तो एवढ्याशा स्क्रूने बारा मिलिमीटर मागे ढकलायला बसलात?

भाची : (हसून) हे मी गिऱ्हाइकाला अर्धा तास समजावत होते. तू दोन ओळींत केलंस.

मामा : आकडा लिहिला की होतं.

इथे मामाचा हात वर होता हे मान्य करायला हवं. दाताला दोन मिलिमीटर हा हिशेब प्रत्येक सायकलवाल्याने पाठ करावा इतका कामाचा आहे. कॅसेट घेताना लोक वजन बघतात, किंमत बघतात, रंगसुद्धा बघतात, पण आपला कॉग पुलीच्या अंगावर किती येणार, हे मनातल्या मनात काढता येत असूनही कुणी काढत नाही.

पण भाचीचा मुद्दा संपला नव्हता.

भाची : आता समज, लांब स्क्रू घातला आणि मोठ्या कॉगवर तुझे सहा मिलिमीटर करून दाखवले. मग लहान कॉगवर काय होईल?

मामा : काय व्हायचंय? तिथे तर जागाच जागा.

भाची : तेच तर. तिथे इतकी होईल की अकरा, बारा, तेराच्या कॉगवर गिअर पडताना एकदा विचार करून पडेल. डिरेलर आडवा सरकत नाही नुसता, तिरका सरकतो. आत जाताना खालीही जातो.

मग तिने ते करून दाखवलं. केबल हाताने ओढून डिरेलर आत-बाहेर केला, आणि मामाला मागून बघायला लावलं. समांतरभुज चौकट तिरकी बसवलेली असल्याने पुली कॅसेटच्या उताराला धरून खाली उतरत होती. ही युक्ती जपानच्या सनटूर कंपनीची, १९६४ सालची. त्याआधीचे डिरेलर सरळ आडवे सरकायचे, त्यामुळे एका टोकाला पुली घासायची आणि दुसऱ्या टोकाला लोंबायची. सनटूरचं पेटंट १९८४मध्ये संपलं. त्याच सुमाराला शिमानोने ड्युरा-एसमध्ये तिरकी चौकट आणि टकटक करत गिअर टाकणारी इंडेक्सिंग यांची जोडी लावली, आणि पुढच्या काही वर्षांत बाजार त्या बाजूला गेला. सनटूरने शोध लावला आणि पिकवलं दुसऱ्याने. असं होतं.

मामा : म्हणजे उताराचा कोन कंपनीने आधीच ठरवलेला आहे. आणि स्क्रूने फक्त तो उतार कुठून सुरू करायचा ते ठरतं.

भाची : बरोब्बर. कोन बदलत नाही. म्हणून एका टोकाला जागा मोजून मी खूश होत नाही. मी सगळे कॉग चढून उतरून बघते, चेनवर ताण देऊन.

मामा : आणि मग सांगतेस, ‘ठीक वाटतंय’. वाटतंय!

एकमेकांचं पटलं तरी हार मानायची नाही ही या घराण्याची जुनी सवय दिसते. मामाने उठून पुली दोन बोटांत धरली, बाजूला हलवली आणि विजयी चेहऱ्याने सांगितलं, ही बघ, पुलीच ढिली आहे, खरखर इथूनच येते. भाचीने न बघताच उत्तर दिलं. वरच्या पुलीला ही बाजूची हालचाल कंपनीच ठेवते, म्हणजे इंडेक्सिंग केसाएवढं चुकलं तरी पुली स्वतःहून कॉगच्या रेषेत येते. खालची पुली अशी हलत नाही, हवं तर बघ. मामाने खालची हलवून बघितली. हलली नाही. तो खाली बसला.

मग मात्र त्याने त्याच्या आवडीचं काम काढलं.

मामा : हँगर सरळ आहे का ते बघितलंस?

भाची : डोळ्याने बघितला.

मामा : डोळ्याने! कोपऱ्यातलं ते जुनं चाक दे इकडे. नटवालं.

हे मी पहिल्यांदाच बघत होतो. डिरेलर ज्या ॲल्युमिनियमच्या जिभेला लटकतो तो हँगर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. सायकल उजव्या अंगावर पडली तर हँगर वाकावा, फ्रेम वाचावी, हा त्यामागचा विचार. पण तो इतका सहज वाकतो की सायकल बसच्या टपावरून आणली, गाडीच्या डिकीत कुणी वर बॅग ठेवली, एवढं पुरतं. त्याच्या भोकाचे आटे १० मिलिमीटरचे, १ मिलिमीटर पिचचे. जुन्या गिअरच्या सायकलींच्या मागच्या नटवाल्या एक्सलचे आटेही तेच. मामाने डिरेलर सोडवला, ते जुनं चाक एक्सलने हँगरमध्ये आटवलं, आणि आता स्टँडवर सायकलला मागे दोन चाकं शेजारी शेजारी उभी होती. हँगर सरळ असेल तर दोन्ही रिम सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला हव्यात. वर-खाली, पुढे-मागे चार ठिकाणी त्याने पट्टी लावली. खालच्या बाजूला रिम आत आली होती, पट्टीवर सरळ दिसेल इतकी. हँगर आत वाकलेला.

यासाठी वेगळं गेज मिळतं आणि भाचीच्या भिंतीवर ते टांगलेलंही आहे. पण मामाला चाकच आवडतं. चाकाची रिम म्हणजे लांब काटा, चूक मोठी होऊन दिसते, असं त्याचं म्हणणं. चाक दोन्ही हातांनी धरून त्याने अगदी हळू, जोर न लावता, बाहेर ओढलं. पुन्हा मोजलं. पुन्हा ओढलं. मऊ धातू दोन-चार वेळा मागेपुढे वाकवला की मोडतो, म्हणून पहिल्या-दुसऱ्या ओढीतच काम झालं पाहिजे. झालं.

डिरेलर परत चढला. खरखर कमी झाली, पण गेली नाही.

भाची : आता चेन. मी म्हणत होते ना, नुसता बी-स्क्रू नाही. पुढे मोठी चेनरिंग, मागे मोठा कॉग, टाकून बघ.

मामा : टाकू?

भाची : टाकू नको! चेन जुन्याच लांबीची आहे. ५० आणि ३४वर चढवलीस तर केज पुढे ताणली जाईल आणि डिरेलर हँगरसकट हातात येईल. हळू, हाताने क्रँक फिरवून, केज कुठे जाते ते बघत.

केज अर्ध्या वाटेतच तंग झाली. चेन आखूड होती, हे सरळ दिसत होतं. मोठ्या चेनरिंगवरून आणि मोठ्या कॉगवरून, डिरेलरमधून न नेता, चेन फिरवून बघायची आणि जिथे जुळेल त्याच्यापुढे एक इंच जास्त ठेवायची, हा जुना आणि चांगला नियम आहे. नवी मोठी कॅसेट बसवणाऱ्याने तो पाळलेला नव्हता. आणि चेनच्या लांबीचा पुलीच्या जागेशीही संबंध आहे. बऱ्याच डिरेलरांत वरची पुली केजच्या खिळीवर नेमकी बसत नाही, थोडी बाजूला बसते. त्यामुळे केज फिरली की पुलीही कॉगच्या जवळ-लांब होते. स्रॅमच्या २०१२च्या एक्सएक्स१मध्ये तर चौकट पुन्हा सरळ आडवी केलेली आहे, आणि पुली खाली नेण्याचं सगळं काम या बाजूला बसवलेल्या पुलीवर टाकलेलं आहे. तिथे चेन चुकीच्या लांबीची असली की बी-स्क्रू कितीही फिरवा, एका टोकाला जमलं की दुसऱ्या टोकाला बिघडतं. मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलीला तर माणूस सीटवर बसवूनच पुली-कॉगमधलं माप घ्यावं लागतं, कारण वजनाने चाक वर जातं आणि माप बदलतं.

मामा : मग क्रम कसा तुझा? आधी हँगर. मग चेनची लांबी. मग ते दोन लिमिटचे स्क्रू, चेन स्पोकमध्ये किंवा फ्रेमकडे पडू नये म्हणून. मग बी. सगळ्यात शेवटी केबलचा ताण. असंच ना?

भाची : असंच. आणि बी फिरवला की केबलचा ताण पुन्हा बघायचा, तो थोडा हलतोच.

मामा : म्हणजे तुझ्याकडेही प्रोसेस शीट आहे. उगाच कान कान करतेस.

भाची : आहे की. पण प्रोसेस शीटच्या शेवटी गिऱ्हाईक सिंहगडाच्या चढावर उभं राहून पेडल मारणार आहे. स्टँडवर फ्रेम वाकत नाही, रस्त्यावर वाकते. स्टँडवर शांत असलेला गिअर चढावर ओरडतो, हे मी शंभर वेळा ऐकलंय.

मामा : शंभर मोजलेस?

भाची : मामा!

दोघांचं ऐकून मला जे वाटलं ते लिहितो. आकडा हवा, कारण आकड्यानेच कळलं की बारा मिलिमीटरचं दुखणं स्क्रूने बरं होणार नाही. कान हवा, कारण सहा मिलिमीटर दिसले म्हणजे गिअर नीट पडतील असं नाही. पण दोघांपैकी कुणाचीही बाजू घेण्याआधी बी-स्क्रूवरचा लोकांचा फाजील विश्वास जायला हवा. खरखर आली की बी फिरव, गिअर उडाला की बी फिरव, चेन पडली की बी फिरव, हा आपल्याकडे सर्रास चालणारा उपचार आहे. या स्क्रूला एकच काम येतं. वाकलेला हँगर, आखूड चेन आणि चुकीचा डिरेलर ही कामं त्याची नव्हेत.

चुकीचा डिरेलर हेच शेवटी निघालं. भाचीने तो उलटा धरून मागचा क्रमांक वाचला. शिमानो १०५, आर ७००० मालिका, आखूड केजचा एसएस. कंपनीच्या हिशेबाने त्याला मोठ्यात मोठा कॉग ३०चा. चेन गुंडाळून घेण्याची ताकद ३५ दातांची. पुढे ५० आणि ३४ म्हणजे सोळाचा फरक, मागे ११ ते ३४ म्हणजे तेविसाचा. बेरीज ३९. जुन्या २८च्या कॅसेटला ही बेरीज ३३ होत होती, म्हणून तेव्हा सगळं सुरळीत होतं.

मामा : तीसच्या जागी बत्तीस लोक चालवतात म्हणतात.

भाची : चालवतात, आणि चालतंही. कंपनी हात राखून आकडा देते, आणि हँगर फ्रेमगणिक थोडा लांब-आखूड असतो. पण बत्तीस वेगळं, चौतीस वेगळं. तुझ्याच हिशेबाने तिसावर आठ मिलिमीटर.

मामा : हँगरला खाली लांबवणारा जोड मिळतो ना?

भाची : मिळतो, मी बसवतेही. पण त्याने उताराचा कोन बदलत नाही, आणि ३५ची ताकद ३९ होत नाही. याच मालिकेचा लांब केजचा जीएस येतो. मोठा कॉग ३४, ताकद ३९. ३४चा कॉग धरूनच तो आखलेला आहे. तो घातला की स्क्रूशी कुस्ती नाही.

मामाला अजून एक शंका होती. एवढी कटकट आहे तर कंपन्या हा स्क्रू काढूनच का टाकत नाहीत? काढलाय, भाची म्हणाली. स्रॅमच्या २०२३च्या ईगल ट्रान्समिशनमध्ये हँगरच नाही. डिरेलर सरळ एक्सलवर बसतो आणि बी-स्क्रू, लिमिट स्क्रू, काहीच नाही. मामाचे डोळे चमकले. मग तिने त्या सेटची किंमत सांगितली, आणि मामाने व्हर्नियर पुसून खिशात घातला.

गिऱ्हाइकाने जीएस डिरेलर आणि नवी चेन घेतली. बसवल्यावर मामाने मोजलं ते साडेपाच मिलिमीटर भरलं. सहाच हवेत म्हणून तो स्क्रूला हात घालणार होता, भाचीने तो हात बाजूला केला. कॅसेट बदलायचा विचार असेल तर दुकानात जाण्याआधी आपल्या डिरेलरच्या मागच्या बाजूला कोरलेला क्रमांक वाचा, आणि त्याला मोठ्यात मोठा कॉग किती आणि एकूण ताकद किती, एवढे दोन आकडे कंपनीच्या तक्त्यात बघून घ्या.